‘पुन्हा दाखल करणे’ : अर्थ, वापर आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी न्यायालयातल्या आणि सरकारी कचेऱ्यांतल्या कागदांची मराठी भाषांतरे करते. ‘रिफाइल’ या शब्दावरून मला जितके प्रश्न येतात तितके दुसऱ्या कुठल्याच शब्दावरून येत नाहीत. विचारणाऱ्यांत टंकलेखक असतात, वकिलीचे विद्यार्थी असतात, आणि हातात परत आलेला अर्ज धरून ‘आता नेमके काय करू?’ म्हणणारेही असतात. त्या सगळ्यांसाठी हे पान.

‘रिफाइल करणे’ याला मराठीत नेमका शब्द कोणता?

एक शब्द नाही, आणि एकच शब्द ठरवून टाकावा असे मला वाटतही नाही. आधी विचारायचे ते हे, की पहिल्या कागदाचे काय झाले? तो दुरुस्तीसाठी परत मिळाला, फेटाळला गेला, तुम्ही स्वतः मागे घेतला, की तारखेला कोणी न गेल्यामुळे निघून गेला? परत मिळाला असेल तर ‘त्रुटी दूर करून पुन्हा सादर करणे’. मागे घेतला असेल तर ‘नव्याने दाखल करणे’. गैरहजेरीत गेला असेल तर बहुतेक वेळा ‘मूळ नंबरावर घेणे’, म्हणजे तेच प्रकरण जुन्याच नंबराने पुन्हा सुरू करणे. आकडे चुकले म्हणून बदलून देत असाल तर ‘सुधारित दाखल करणे’. ‘पुन्हा दाखल करणे’ हा या सगळ्यांवर पांघरता येईल असा सर्वसाधारण शब्दप्रयोग आहे. बोलताना तो पुरतो. कागदावर लिहिताना मात्र नेमका शब्द लिहावा, कारण प्रत्येकाची मुदत वेगळी, फी वेगळी आणि परिणामही वेगळा.

‘दाखल’ हा शब्द मुळात कुठला?

अरबी. तिथे या धातूचा अर्थ आत जाणे, प्रवेश करणे. फारसीच्या वाटेने तो मराठीत आला आणि इतका मुरला की आज पालखी पुण्यात दाखल होते, रुग्ण इस्पितळात दाखल होतो आणि दावाही न्यायालयात दाखल होतो. तिन्हीकडे आत जाण्याचाच अर्थ आहे. दावा दाखल झाला म्हणजे तो न्यायालयाच्या नोंदवहीत आत गेला, त्याला नंबर पडला. ‘दखल’ आणि ‘दाखला’ ही याच घरातली भावंडे. पोलीस ठाण्यात ऐकू येणारे ‘दखलपात्र’ आणि ‘अदखलपात्र’ हेही त्याच कुळातले. ‘दाखवणे’ मात्र या घरातले नाही. ते प्राकृतातून आलेले, पाहण्याशी नाते असलेले क्रियापद आहे. ध्वनी जुळतो म्हणून दोन्ही एकच मानू नयेत.

परका शब्द म्हणून ‘दाखल’ काढून टाकावा, असे सुचवणारे भेटतात. मी काढत नाही. शेतकऱ्यापासून न्यायाधीशापर्यंत सगळ्यांना एकाच अर्थाने कळणारा शब्द टाकून ज्याचा अर्थ समजावून सांगावा लागेल असा शब्द आणणे म्हणजे वाचणाऱ्यावर अन्याय आहे.

‘परत दाखल केला’ आणि ‘पुन्हा दाखल केला’ यांत फरक आहे का?

अर्थामध्ये फरक नाही, पण धोक्यामध्ये आहे. सगळ्यात जास्त गोंधळ मी इथेच पाहिला आहे.

मराठीत ‘परत’ला दोन अर्थ आहेत. एक ‘माघारी’, दुसरा ‘आणखी एकदा’. ‘परत अर्ज केला’ म्हणजे आणखी एकदा केला. ‘अर्ज परत केला’ म्हणजे बहुधा माघारी पाठवला, पण बोलणाऱ्याने आवाज कुठे चढवला यावर त्याचाही अर्थ फिरतो. ‘मी अर्ज परत घेतला’ म्हणजे माघार घेतली, तर ‘मी परत अर्ज घेतला’ म्हणजे खिडकीवरून नवा कोरा अर्ज आणला. शब्द तेच, फक्त जागा बदलली. बोलताना चेहरा, हातवारे, संदर्भ सगळे मदतीला असते. कागदावर यातले काहीच नसते.

माझ्या मावशीचा अनुभव सांगते. एका कचेरीतून तिचा अर्ज ‘त्रुटी पूर्ततेसह परत सादर करावा’ असा शेरा मारून आला. जोडायचे होते ते एक प्रमाणपत्र. तिला वाटले, हा अर्ज गेला, आता सगळे परत करायचे. तिने नवा अर्ज भरला, त्याला नवा आवक क्रमांक पडला, आणि जुन्या क्रमांकाप्रमाणे यादीत असलेली तिची जागा गेली. तोच जुना अर्ज प्रमाणपत्र जोडून दिला असता तर जागा राहिली असती. शेऱ्यात ‘हाच अर्ज त्रुटी दूर करून पुन्हा द्यावा’ असे लिहायला दोनच शब्द जास्त लागले असते. तेव्हापासून मी भाषांतरात ‘परत’ फक्त माघारीच्या अर्थाने वापरते आणि आणखी एकदा म्हणायचे असेल तर ‘पुन्हा’. माझा हा नियम कोणी पाळला तर मला मनापासून आनंद होईल.

कोकणात आणि जुन्या कागदांत ‘फिरून अर्ज केला’ असेही आढळते. विदर्भात ‘वापस’ ऐकू येतो आणि त्यालाही ‘परत’सारखेच दोन्ही अर्थ आहेत. म्हणजे अडचण तीच.

‘पुनर्दाखल’ किंवा ‘फेरदाखल’ लिहिले तर चालेल का?

व्याकरणाने ‘पुनर्दाखल’ अडत नाही. ‘द’ मृदू व्यंजन असल्यामुळे विसर्गाचा र् होतो, ‘पुनर्विचार’मध्ये होतो तसाच. अडचण कानाला आहे. संस्कृत उपसर्ग आणि अरबी नाम यांची जोडी अवघडून उभी राहिल्यासारखी वाटते. ‘फेर’ मात्र आपला आहे आणि अशा शब्दांशी सहज जुळतो. फेरतपासणी, फेरसुनावणी, फेरनिवडणूक, फेरमूल्यांकन हे सगळे शब्द रुळलेले आहेत. तरी ‘फेरदाखल’ अजून रुळलेला नाही, आणि ‘पुन्हा दाखल’ किंवा ‘नव्याने दाखल’ हे दोन सरळ शब्द हाताशी असताना तो घडवण्याची गरज मला दिसत नाही.

याच ओघात एक गोष्ट. ‘पुनर्स्थापना’ असे सर्रास लिहिले जाते, पण ‘स’पुढे विसर्ग राहतो, म्हणून ‘पुनःस्थापना’. ‘पुनर्प्रसारण’ नव्हे, ‘पुनःप्रसारण’.

‘सादर करणे’, ‘दाखल करणे’ आणि ‘दाखल करून घेणे’ हे एकच आहे का?

नाही. तुम्ही कागद पुढे ठेवता ते सादर करणे. त्याची नोंद होऊन नंबर पडतो तेव्हा तो दाखल होतो. ‘न्यायालयाने याचिका दाखल करून घेतली’ याचा अर्थ आणखी पुढचा आहे. प्राथमिक सुनावणीत न्यायालयाला तीत ऐकण्याजोगे काही दिसले आणि त्याने सविस्तर सुनावणीसाठी ती स्वीकारली. वर्तमानपत्रांत ‘याचिका दाखल’ आणि ‘याचिका दाखल करून घेतली’ यांची अदलाबदल होते, तेव्हा वाचणाऱ्याला एक पायरी पुढे गेल्याचा चुकीचा भास होतो. ‘याचिका पुन्हा दाखल केली’ म्हणजे पक्षकार पुन्हा दाराशी आला, इतकेच. दार उघडले का, ते ‘करून घेतली’ मध्ये आहे.

माझा दिवाणी दावा गेला. तो पुन्हा दाखल करता येतो का?

कसा गेला त्यावर आहे. १९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत प्रत्येक वाट वेगळी आखलेली आहे, आणि मराठीत तिला वेगवेगळी नावेही आहेत. रोजनाम्याची, म्हणजे प्रकरणात तारखेनुसार काय झाले त्याच्या नोंदीची, नक्कल काढा आणि शेवटच्या हुकुमातले क्रियापद नीट वाचा.

‘वादपत्र’ (दावा ज्यात मांडतात तो मूळ कागद) ‘परत केले’ असे असेल तर बहुधा न्यायालयाला तो वाद ऐकण्याचा अधिकार नव्हता. आदेश ७, नियम १० प्रमाणे ते योग्य न्यायालयात सादर करण्यासाठी परत दिले जाते. तिथे काम पहिल्यापासून सुरू होते. चुकीच्या न्यायालयात प्रामाणिकपणे घालवलेला काळ मुदतीतून वगळून मिळण्याची तरतूद १९६३च्या मुदतीच्या कायद्याच्या कलम १४ मध्ये आहे.

‘वादपत्र फेटाळले’ असे असेल आणि कारण आदेश ७, नियम ११ मधले असेल, उदाहरणार्थ दाव्याला कारणच दिसत नाही किंवा सांगूनही कोर्ट फीची तूट भरली नाही, तर नियम १३ सांगतो की केवळ या फेटाळण्यामुळे त्याच कारणावर नवे वादपत्र देण्यास आडकाठी येत नाही. इथे ‘नव्याने दाखल करणे’ हाच शब्द बरोबर. मुदत मात्र तुमच्यासाठी थांबलेली नसते.

गैरहजेरीत गेलेल्या दाव्याबाबत लोक हमखास चुकतात. तारखेला दोन्ही बाजूंचे कोणीच आले नाही म्हणून दावा काढून टाकला असेल, तर आदेश ९, नियम ४ प्रमाणे दोन्ही रस्ते मोकळे आहेत. मुदतीत असाल तर नवा दावा, किंवा जुना मूळ नंबरावर घेण्याचा अर्ज. पण प्रतिवादी हजर होता आणि फक्त वादीच आला नाही, म्हणून दावा काढून टाकला असेल, तर नियम ९ प्रमाणे त्याच कारणावर नवा दावा करता येत नाही. मूळ नंबरावर घेण्याचा अर्ज हाच मार्ग, आणि त्याला मुदत ३० दिवसांची. ती टळली तर उशिराचे कारण सांगून विलंब माफीचा अर्ज सोबत द्यावा लागतो. एका माणसाने सांगितले, ‘अहो, परत दाखल करा’, आणि दुसऱ्याने तो सल्ला ‘नवा दावा करा’ असा ऐकला, तर नवा दावा तयार करण्यातच ते ३० दिवस निघून जातात. भाषेतल्या ढिलाईची एवढी मोठी किंमत दुसरीकडे क्वचितच मोजावी लागते.

‘दावा मागे घेतला’ असेल तर हुकुमात पुढचे शब्द शोधा. ‘नव्याने दावा दाखल करण्याच्या परवानगीसह’ असे लिहिले आहे का? आदेश २३, नियम १ प्रमाणे दाव्यात औपचारिक दोष असेल किंवा तसेच पुरेसे कारण असेल तर न्यायालय अशी परवानगी देऊ शकते. ती न घेता मागे घेतला तर त्या विषयावर पुन्हा दावा करता येत नाही. परवानगी असली तरी नियम २ मुळे मुदत मोजताना पहिला दावा जणू झालाच नव्हता असे धरतात.

आणि दोन्ही बाजू ऐकून, वादाच्या मुद्द्यावर निकाल झाला असेल, तर पुन्हा दाखल करण्याचा प्रश्नच उरत नाही. संहितेचे कलम ११ तोच वाद त्याच पक्षांत दुसऱ्यांदा चालू देत नाही. तिथून पुढे अपील.

हे शब्दांचे पान आहे. तुमच्या प्रकरणाचा निर्णय हुकुमाची नक्कल वाचून वकिलांनीच करायला हवा.

मग अपील, पुनर्विलोकन आणि पुनरीक्षण म्हणजेही पुन्हा दाखल करणेच ना?

नाही. पुन्हा दाखल करताना तुम्ही त्याच दारात जाता. अपिलात वरच्या दारात जाता. पुनर्विलोकन म्हणजे त्याच अधिकाऱ्याने स्वतःच्या हुकुमाकडे पुन्हा पाहणे, आणि पुनरीक्षण म्हणजे वरिष्ठाने खालच्याचा हुकूम कायदेशीर आहे का ते तपासणे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ मध्ये या तिन्हींना वेगळी कलमे आहेत : अपिलाला २४७, पुनरीक्षणाला २५७, पुनर्विलोकनाला २५८. सातबाऱ्यावरची फेरफार नोंद रद्द झाली की गावात ‘फेरफार परत टाका’ असे म्हणतात. पण नोंद रद्द करण्याचा हुकूम झाला असेल तर बहुधा उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करावे लागते. नुसता नवा अर्ज टाकून जुना हुकूम पुसला जात नाही.

माहितीच्या अधिकारातही हेच होते. ३० दिवसांत उत्तर आले नाही की लोक तोच अर्ज पुन्हा देतात, आणि ३० दिवसांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. २००५च्या अधिनियमात उत्तर न येणे म्हणजे नकारच धरला आहे. त्यावर पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील करावे.

उच्च न्यायालयात ‘हरकती काढून पुन्हा दाखल’ म्हणतात, ते काय असते?

मुंबई उच्च न्यायालयात कागद दिल्यावर आधी स्टॅम्प नंबर पडतो. कार्यालय कागद तपासून हरकती काढते. पान अस्पष्ट आहे, भाषांतर जोडलेले नाही, सही राहिली आहे, अशा. त्या दूर झाल्या की प्रकरणाची रीतसर नोंद होऊन दुसरा नंबर पडतो. इथे ‘हरकती काढणे’ दोन्ही अर्थांनी चालते : कार्यालय हरकती ‘काढते’ म्हणजे उपस्थित करते, आणि वकील त्या ‘काढतात’ म्हणजे दूर करतात. भाषांतरात मी पहिल्यासाठी ‘घेणे’ आणि दुसऱ्यासाठी ‘दूर करणे’ लिहिते. प्रकरण तेच राहते, म्हणून याला ‘नव्याने दाखल’ म्हणू नये.

प्राप्तिकराचे विवरणपत्र पुन्हा भरले तर त्याला काय म्हणायचे?

इथे कायद्यानेच शब्द वेगळे ठेवले आहेत. १९६१च्या अधिनियमात कलम १३९ (५) खालचे ‘सुधारित’, म्हणजे तुमची चूक तुम्हाला सापडली म्हणून बदललेले. कलम १३९ (९) खालचे ‘सदोष’ ठरलेले, ज्यातला दोष खात्याने कळवल्यापासून १५ दिवसांत दूर करायचा. आणि २०२२ मध्ये आलेल्या कलम १३९ (८अ) खालचे ‘अद्ययावत’, जे जादा कर भरून उशिराने देता येते. प्राप्तिकर अधिनियम २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू असल्यामुळे कलमांचे आकडे बदलतात, पण हे तीन शब्द एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत.

गुन्हा पुन्हा दाखल होतो का?

एकाच घटनेबद्दल, त्याच आरोपांचा दुसरा गुन्हा सहसा नोंदवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये टी. टी. अँटनी विरुद्ध केरळ राज्य या प्रकरणात हे स्पष्ट केले. त्याच घटनेत समोरच्या बाजूने दिलेली उलट फिर्याद वेगळी. तुमच्याकडे नंतर जास्त माहिती आली असेल तर ‘पुरवणी जबाब’ द्यायचा असतो, पोलिसांनी नंतर दिलेले ते ‘पुरवणी दोषारोपपत्र’. ‘पुरवणी’ हा शब्द सुंदर आहे. पहिले तसेच ठेवून त्यात भर घातली, हे तो एका दमात सांगतो.

‘दप्तरी दाखल’ झाला म्हणजे माझा अर्ज स्वीकारला गेला का?

नाही, जवळजवळ उलट. कागद पाहिला, त्यावर आणखी काही करायचे नाही, तो अभिलेखात ठेवून द्या, असा त्याचा अर्थ. अर्जावर ‘पाहिले, दप्तरी दाखल’ असा शेरा असेल तर तो बंद झाला. मंत्रालयात आणि जिल्हा कचेऱ्यांत याला ‘नस्तीबंद करणे’ म्हणतात. ‘दाखल’ या एका शब्दात सुरुवातही आहे आणि शेवटही, हे नव्या कारकुनाला पहिल्याच आठवड्यात सांगायला हवे.

कागद काढून पुन्हा जागेवर ठेवणे हाही ‘रिफाइल’चा एक अर्थ. पेशवे दप्तरातले कागद कापडी रुमालांत बांधलेले आहेत. अभ्यासकाने पाहिलेला कागद त्याच रुमालात, त्याच क्रमाने परत बांधणे हे इतिहासाच्या दृष्टीने फार मोलाचे काम आहे, कारण दुसऱ्या रुमालात गेलेला कागद हरवल्यासारखाच. महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांत सहा गठ्ठे पद्धत आहे : कार्यवाहीचे, प्रतीक्षेतले, नियतकालिकांचे (ठरावीक काळाने द्यायच्या अहवालांचे), स्थायी आदेशांचे, अभिलेख कक्षाकडे पाठवायचे आणि नष्ट करायचे. प्रतीक्षेतल्या कागदावर उत्तर आले की तो कार्यवाहीच्या गठ्ठ्यात येतो. यासाठी ‘पुन्हा दाखल’ म्हणू नका. ‘परत लावणे’, ‘जागेवर ठेवणे’ हेच कचेरीतले शब्द.

बोलताना लोक ‘दाखल’ऐवजी काय म्हणतात?

केस ‘टाकतात’, दावा ‘लावतात’, रिट ‘टाकतात’, अर्ज ‘देतात’. जुन्या कागदांत ‘अर्ज गुदरला’, ‘फिर्याद गुदरली’ असे येते. तेच क्रियापद आज ‘संकट गुदरले’ एवढ्यापुरते उरले आहे. साक्षीदाराने ‘केस परत टाकली’ म्हटले असेल तर जबाबात तसेच लिहावे. त्याचे ‘दावा नव्याने दाखल केला’ करू नये. त्याने नेमके काय केले ते त्याला माहीत नसेल, आणि आपण त्याच्या तोंडी अचूकपणा घालणे योग्य नाही.

कानस मारण्याशी याचा संबंध आहे का?

इंग्रजीत कागदाची फाइल आणि लोहाराची कानस यांचे शब्द दिसायला सारखे असल्यामुळे ‘रिफाइल’चा अर्थ पुन्हा कानस मारणे असाही होतो. बोथट करवतीच्या दातांना त्रिकोणी कानशीने पुन्हा धार लावतात. मराठीत दोन्ही शब्द पूर्ण वेगळे असल्याने इथे घोटाळा होत नाही. फक्त यंत्राने केलेल्या भाषांतरात सुताराची करवत ‘पुन्हा दाखल’ झालेली दिसली तर दुरुस्त करा.

बातमीच्या माथ्यावर ‘रिफाइल’ लिहिलेले असते, ते काय?

रॉयटर्ससारखी वृत्तसंस्था मथळ्यातली टंकचूक किंवा मांडणीतला किरकोळ दोष काढून बातमी पुन्हा सोडते, तेव्हा ती खूण असते. तपशील चुकला असेल तर वेगळी, दुरुस्तीची खूण असते. मराठीत पहिल्याला ‘पुन्हा प्रसृत’ आणि दुसऱ्याला ‘दुरुस्त’ म्हणावे.

नव्या अर्जात हे कसे लिहावे?

पहिल्याच परिच्छेदात, जुन्या क्रमांकासह. त्रुटीसाठी परत आलेला असेल तर : ‘माझा अर्ज आवक क्रमांक अमुक, दिनांक अमुक, हा अमुक त्रुटीसाठी परत मिळाला. ती त्रुटी दूर करून तोच अर्ज पुन्हा सादर करीत आहे. मूळ दिनांक कायम धरावा ही विनंती.’ मागे घेऊन नवा करत असाल तर : ‘यापूर्वीचा दावा क्रमांक अमुक हा दिनांक अमुकच्या हुकुमाने, नव्याने दावा दाखल करण्याच्या परवानगीसह मागे घेतला. त्या परवानगीनुसार हा दावा दाखल केला आहे.’ त्या हुकुमाची नक्कल जोडावी. पहिल्या प्रकरणाचा उल्लेख टाळला तर समोरचा वकील तो काढणारच, आणि तेव्हा लपवल्याचा ठपका येतो.

जुना क्रमांक लिहायला विसरले, आणि कागद देऊन झाला. आता?

न्यायालयात असेल तर वकिलांमार्फत पुरशिस, म्हणजे छोटे लेखी निवेदन, देऊन तो रेकॉर्डवर आणता येतो. वादपत्रातच बदल लागत असेल तर दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो. कचेरीत असेल तर नव्या आवक क्रमांकाचा संदर्भ देऊन एक पूरक पत्र द्या, आणि त्याच्या स्थळप्रतीवर (तुमच्याकडे राहणाऱ्या प्रतीवर) शिक्का, तारीख आणि सही घेऊनच खिडकीवरून हला.